डॉक्टरांना न सांगितलेले अकरा दिवस

आधीच सांगून टाकते, हे मी कुणाला धीर द्यायला लिहीत नाहीये. माझ्याकडेच तो शिल्लक नाही. पण ज्या बाईच्या हातात आत्ता सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे आणि त्यावर 'युटेराइन एव्हीएम' असं लिहिलंय, ती मोबाइलवर शोधून शोधून डोकं पिकवत असणार हे मला माहीत आहे. मीही तेच केलेलं. इंग्रजीत ढीगभर सापडलं, त्यातलं निम्मं कळलं नाही आणि जे कळलं त्याने झोप उडाली. मराठीत कुणा बाईने 'मला हे झालेलं' असं लिहिलेलं मला तरी कुठे मिळालं नाही. म्हणून लिहायला बसले. डॉक्टरकी सांगणार नाही, ती मला येत नाही. मला ब्लाउज शिवता येतात.

ठाकुर्लीला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. खिडकीपाशी माझं मशीन, आत सासूबाई आणि त्यांचा टीव्ही. नवरा प्रशांत, वागळे इस्टेटला इलेक्ट्रिकची पॅनल बनवणाऱ्या कंपनीत जातो. लग्नाला सहा वर्षं झालेली, पाचव्या वर्षी दिवस राहिले आणि तिसरा महिना लागता लागता बाळाचे ठोके थांबले. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. डोंबिवलीच्या एका नर्सिंग होममध्ये क्युरेटिंग केलं, संध्याकाळी घरी आले, दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मेथीचे लाडू केले, जणू मी बाळंतीण होते. मी एकही खाल्ला नाही. त्यांनी ते डब्यात भरून ठेवले आणि शेवटी बुरशी धरली तेव्हा टाकले.

तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणालेल्या, पंधरा दिवस थोडं थोडं रक्त जाईल, घाबरू नका. पंधराचे तीस झाले, तीसचे चाळीस. कधी दोन दिवस काहीच नाही, वाटायचं सुटले, की परत सुरू. मी गेले नाही दाखवायला. तुम्ही विचाराल का नाही गेलीस. गणपतीच्या आधीचे दिवस, दारात बायकांची रांग, प्रत्येकीला ब्लाउज गौरीच्या आत हवा. आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आलेला. परत ते टेबल, परत पाय वर, परत 'रिलॅक्स करा'. करा म्हणे रिलॅक्स.

गंमत बघा. मापं घेताना बायका मला काय काय सांगतात. कुणाचा नवरा, कुणाची गाठ, कुणाचं पांढरं जातंय. टेप छातीभोवती असली की बाई खरं बोलते. मी त्यांना दम देते, 'आधी डॉक्टरकडे जा, ब्लाउज कुठे पळून जात नाही.' लोका सांगे ब्रह्मज्ञान!

*

आता जे झालं ते नीट सांगते, कारण सगळं तिथून आहे.

आम्ही संगमेश्वरकडचे. आमच्यात नव्या सुनेला गौरीचा ओवसा असतो. पाच सुपं भरायची, त्यात फळं, काकडी, विड्याची पानं, नारळ, वर दोरा गुंडाळायचा, आणि ती सुपं गौरीपुढे ओवाळायची. पण पहिला ओवसा कुठल्याही वर्षी होत नाही. गौर पूर्वा नक्षत्रावर यावी लागते. माझ्या लग्नानंतर ते जुळलंच नव्हतं. दरवर्षी सासूबाई कॅलेंडर डोळ्यांजवळ धरायच्या आणि म्हणायच्या, 'यंदाही नाही.' ओवसा राहिला म्हणून पाळणा राहिला, असं त्या तोंडाने बोलल्या नाहीत कधी. पण गावाहून आलेली प्रत्येक बाई बोलून जायची.

त्या वर्षी जुळलं, आणि त्याच वर्षी माझं हे असं.

गावचं घर बंद आहे, त्यामुळे आमचे गणपती-गौरी मोठ्या दिरांकडे कल्याणला असतात. सात-आठ दिवस आधी माझ्या जाऊबाईंचा, वैशालीवहिनींचा, फोन आला. म्हणाल्या, तुझं थांबलंय ना गं? मी म्हटलं, थांबत आलंय. त्या म्हणाल्या, मग गोळ्या सुरू कर, माझ्याकडे आहेत, मी दरवर्षी घेते, काही होत नाही. हे काही जगावेगळं नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक घरात देवाच्या कामाआधी बायका त्या गोळ्या घेतात, पाळी पुढे ढकलतात, आणि केमिस्टला पण 'त्या गोळ्या द्या' एवढं म्हटलं की कळतं. पण त्या बायकांची पाळी असते. माझी पाळी नव्हती, क्युरेटिंगनंतर न थांबलेलं रक्त होतं. हा फरक माझ्या लक्षात आला नाही असं नाही. आलेला. मी त्याच्याकडे पाठ फिरवली.

दिवसाला तीन अशा अकरा दिवस घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून रक्त थांबलं. मला इतका आनंद झाला, वाटलं झालं, बरी झाले, उगाच घाबरत होते. त्या आठवड्यात मी एकोणीस ब्लाउज शिवले.

ओवशाच्या दिवशी सकाळी वहिनींच्या बाथरूममध्ये अंघोळीला गेले तर परकरावर डाग दिसला. रुपयाएवढा, तपकिरी. मी परकर तिथेच धुतला. बाहेर सासूबाई सुपांना दोरा गुंडाळत होत्या, दोन चुलत नणंदा आलेल्या, माझ्यासाठी हिरवी साडी काढून ठेवलेली. बाहेर जाऊन 'मला अडचण आहे' म्हटलं असतं तर संपलं होतं. पूर्वा परत कधी येईल कुणास ठाऊक. मी पॅड लावलं, साडी नेसले, पाचही सुपं ओवाळली. गौरीकडे बघितलं नाही. तिच्या पायाकडे बघून मनात म्हटलं, माफ कर, पण मला एक मूल दे.

*

गोळ्या संपल्यावर चौथ्या दिवशी मी एका बाईच्या पाठीचं माप घेत होते. काहीतरी गरम सरकल्यासारखं झालं आणि बघते तर फरशीवर रक्त. ती बाई किंचाळली. सासूबाई धावत आल्या, आणि त्यांनीच मला रिक्षात घालून त्या जुन्या नर्सिंग होमला नेलं.

आता हे वाचा आणि माझ्यासारखं करू नका. मॅडमनी विचारलं, क्युरेटिंगनंतरचं रक्त पूर्ण थांबलेलं का? शेजारच्या खुर्चीत सासूबाई पदर सावरून बसलेल्या. थांबलं नव्हतं म्हटलं तर ओवाळलंस कसं, हा पुढचा प्रश्न. गोळ्या घेतल्या म्हटलं तर किती, कधीपासून, मग त्यात तो सकाळचा डाग. मी म्हटलं, "हो मॅडम, पूर्ण थांबलेलं. अकरा दिवस काहीच नव्हतं. ही आता पाळी आलीये."

मॅडमनी लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, गर्भ गेल्यानंतरची पहिली पाळी अशी जोरात येते बऱ्याच जणींना. रक्त कमी व्हायची औषधं दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या, पाच दिवसांनी या म्हणाल्या. रक्त कमी झालं आणि मी परत गेले नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना मी जे सांगितलं त्यावर त्यांनी बरोबरच केलं.

*

पुढचे तीन आठवडे मी जिना चढताना मध्ये बसायचे. नखं पांढरी पडलेली. प्रशांत म्हणायचा, चल दाखवून येऊ, मी म्हणायचे, दसऱ्याची ऑर्डर आहे. एका रविवारी आम्ही दोघं नणंदेकडे तळोज्याला गेलेलो, तिथून रिक्षाने परत येत होतो. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. दोन कंटेनरच्या मधे आमची रिक्षा. आणि तिथे ते सुरू झालं.

त्याला पाळी म्हणू नका. नळ सोडल्यासारखं होतं. प्रशांतने आपला शर्ट काढून दिला, मग सीटवरचं कापड. माझ्या चपला ओल्या झालेल्या. रिक्षावाले काका आगरी होते, साठीच्या पुढचे. त्यांनी मागे वळून एकदा बघितलं आणि रिक्षा उलट्या बाजूने घातली, समोरून येणाऱ्यांना शिव्या घालत. मला सारखे म्हणत होते, "डोले मिटू नको पोरी. बोलत ऱ्हा." मी काय बोलत होते आठवत नाही. प्रशांत सांगतो, मी ब्लाउजांची नावं घेत होते, हा कुणाचा, तो कुणाचा. हॉस्पिटलच्या दारात सोडल्यावर काका थांबले नाहीत, सीट धुवायला निघून गेले असतील. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

हे डोंबिवलीतलंच पण दुसरं, मोठं हॉस्पिटल. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, क्युरेटिंगमध्ये काहीतरी आत राहिलेलं दिसतंय, उद्या परत क्युरेटिंग करू. फॉर्म आणला, प्रशांतने सही केली. दुसऱ्या दिवशी मला सकाळपासून उपाशी ठेवलेलं. फक्त एक सोनोग्राफी राहिलेली, ती तेवढी करून घेऊ म्हणाले.

त्या सोनोग्राफीच्या मॅडम माझ्याहून लहान असतील. अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघीच. त्यांनी मशीनवर काहीतरी बटण दाबलं, आणि काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल-निळे रंग पेटले. एका जागी एवढे की त्यांचा हात तिथेच थांबला. मग हळू विचारलं, "ताई, क्युरेटिंगपासून आजपर्यंत रक्त नक्की कधी थांबलं होतं? मला खरं सांगा."

त्या खोलीत सासूबाई नव्हत्या. मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. गोळ्या, डाग, सुपं सुद्धा. सुपांचं त्यांना काय करायचं होतं, पण मला थांबताच येईना. त्या ऐकत होत्या आणि एका हाताने फोन लावत होत्या. ऑपरेशन थिएटरमध्ये फोन गेला. म्हणाल्या, हिला हात लावू नका, आत गाठ नाही, राहिलेलंही काही नाही, रक्तवाहिन्या आहेत.

क्युरेटिंग केलं असतं तर मी टेबलावरच गेले असते. हे मला नंतर तिघांनी सांगितलं. प्रत्येक जण असं सांगायचा की मी आनंद मानावा.

*

सोनोग्राफीच्या मॅडमनी मला जे समजावलं ते मला शिलाई मशीनच्या भाषेत कळलं. कधी कधी वरून टीप सरळ दिसते आणि कापड उलटं केलं की खाली बॉबिनच्या दोऱ्याचा गुंता. तसा माझ्या गर्भपिशवीच्या भिंतीत रक्तवाहिन्यांचा गुंता झालेला, तेच ते एव्हीएम. जोराचं रक्त आणणाऱ्या आणि परत नेणाऱ्या वाहिन्या मधलं काही न ठेवता थेट एकमेकींना जोडल्या गेलेल्या. कुणाला जन्मापासून असतं, कुणाला गर्भ गेल्यावर, क्युरेटिंगनंतर होतं. फारच थोड्यांना होतं. मी विचारलं, कुणाची चूक? त्या म्हणाल्या, कुणाचीच नाही. मी मनात म्हटलं, तुम्ही नवीन आहात.

नाव कळल्यावर बरं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. मला त्या दिवशी एवढंच वाटलं की आपल्या पोटात एक अशी जागा आहे जी कधीही सुटेल, आणि मी खोकायलाही घाबरले.

सासूबाईंना प्रशांतने सांगितलं, 'नसांचा गुंता आहे.' त्यांनी ताबडतोब गावाला फोन लावला आणि देवाचं काही चुकलंय का ते विचारायला सांगितलं. मी पलंगावर पडून ऐकत होते. चुकलंय, मला माहीत होतं काय चुकलंय. सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, असं ते होतं.

*

ठाण्याला हलवलं, खोपटच्या पुढे एका हॉस्पिटलमध्ये, कारण यावर इलाज करणारे डॉक्टर तिथे होते. ते कापत नाहीत. मांडीच्या सांध्यातून बारीक नळी घालतात, ती पिशवीपर्यंत नेतात आणि त्या वाहिन्या आतूनच बंद करून टाकतात. माझं सगळं लक्ष एका वाक्यावर होतं, 'पिशवी राहते.' मी त्यांना तीन वेळा विचारलं, पिशवी राहते ना? तिसऱ्यांदा ते म्हणाले, "राहावी म्हणूनच करतोय. पण शब्द देत नाही."

मला जागं ठेवलेलं. खोली एवढी थंड की दात वाजत होते. बाजूच्या पडद्यावर माझ्याच पोटातलं झाड दिसत होतं, काळं, वेडंवाकडं. सिस्टरने माझा हात धरलेला, तिचा हात गरम होता. त्या दिवसातली तेवढीच एक चांगली गोष्ट.

नंतरचं कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. दुखतं. पुष्कळ दुखतं. रक्त बंद केलेला भाग आतून ओरडतो. सहा तास पाय सरळ, हलायचं नाही, लघवीलाही तिथेच. इंजेक्शन दिलं की तासभर बरं, मग परत. पहाटे साडेपाचला मावशी अंग पुसायला यायच्या, सहाला बीपी, सातला चहा, आठला सगळे डॉक्टर एकदम, आणि मग दिवसभर कुणीच नाही. प्रशांत खोपटच्या एसटी स्टँडवर जाऊन उसळपाव खाऊन यायचा. त्याच्या शर्टाला तर्रीचा वास यायचा आणि मला त्या वासाचा राग यायचा. त्याने उपाशी राहावं अशी माझी इच्छा होती का? होती, खरं सांगते.

तिथेच त्याला अकरा दिवसांचं कळलं. फाइलमध्ये सोनोग्राफीच्या मॅडमनी लिहिलेलं, त्याने वाचलं. तो खिडकीत उभा राहिला आणि म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

"सांगून तू काय केलं असतंस? आईंच्या हातातली सुपं काढून घेतली असतीस?"

तो फाइलचे कागद सारखे करत बसला. मला तो आवडतो, पण त्या क्षणी मला तो नकोसा झाला. असं होतं आजारपणात. लोक म्हणतात दुःखात माणसं जवळ येतात. आम्ही दोघं एका खोलीत दोन बाकांवर बसलेल्या दोन पेशंटसारखे होतो.

*

पाच आठवडे कोरडे गेले. मी पॅड लावणं सोडलं नव्हतं, दर अर्ध्या तासाने बघायचे. सहाव्या आठवड्यात डॉपलर, म्हणजे ती लाल-निळ्या रंगांची सोनोग्राफी, परत करायची होती. तिला चार दिवस राहिलेले, आणि भाजी चिरताना परत सुरू झालं.

खोपटचा तोच मजला, तीच सिस्टर. ती मला बघून हसली नाही, त्यावरूनच मला कळलं. डॉक्टरांनी खुर्ची ओढली. उभ्याने बोलणारा डॉक्टर खुर्ची ओढतो तेव्हा समजायचं. म्हणाले, बंद केलेल्या वाहिन्या बंद आहेत, पण गुंत्याने दुसरीकडून रक्त ओढायला सुरुवात केलीये. परत एकदा प्रयत्न करता येईल. यश किती ते सांगता येत नाही. तुमचं रक्त आत्ताच एवढं कमी आहे की मधे पुन्हा सुटलं तर वेळ मिळेलच असं नाही. दुसरा मार्ग पिशवी काढायचा. ठरवायला उद्या सकाळपर्यंत वेळ आहे.

मी त्यांना एकच विचारलं. गणपतीनंतर पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले तेव्हा खरं सांगितलं असतं, तर पिशवी वाचली असती?

ते चांगले डॉक्टर आहेत, खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "सांगता येत नाही. लवकर कळलं असतं, तुमच्या अंगात रक्त असतं, तर आज आपल्याकडे दुसरा प्रयत्न करायला वेळ असता. तो यशस्वी झाला असता की नाही, ते नाही सांगता येत."

या वाक्यावर मी रोज झोपते आणि रोज उठते.

प्रशांत म्हणाला, तू ठरव. चांगुलपणाने म्हणाला, पण मला वाटलं, घे, हेही माझ्याच गळ्यात. दुपारी तो घरी कपडे आणायला गेला आणि सासूबाई माझ्यापाशी बसल्या. त्या स्टुलावर बसून जप करत होत्या, ओठ हलत होते. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. आणि सांगून टाकलं. गोळ्यांचं तर त्यांना ठाऊकच असणार, पण त्या सकाळचा डाग, आणि तरी मी ओवाळलं ते. म्हटलं, मी गौरीला विटाळ केला आणि डॉक्टरांपुढे खोटं बोलले, तुम्ही शेजारी होतात म्हणून. मला वाटलेलं त्या उठून जातील.

त्यांचा जप थांबला. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं."

मी उशीवरून मान उचलली.

"तू बाथरूममधून आल्यावर मी गेलेले आत. तू परकर धुऊन मागच्या दोरीवर टाकलेलास. सणाच्या सकाळी कोण परकर धुतं? मला कळलं. मी बोलले नाही. मी बोलले असते तर ओवसा राहिला असता." मग त्यांनी माझ्याकडे न बघता पुढचं सांगितलं. "आणि डॉक्टरीणबाईंपुढे तू थांबलं होतं म्हणालीस, तेव्हापण मला माहीत होतं. तेव्हापण गप्प बसले. माझी लाज गेली असती, जाणूनबुजून केलं म्हणून."

मला त्यांचा राग यायला हवा होता. मी शोधला, सापडला नाही. आम्ही दोघी एकाच खुर्चीच्या मागे लपलेलो, एवढंच कळलं. त्या माझ्या पायाचे तळवे चोळायला लागल्या. चोळता चोळता रडत होत्या आणि मी छताकडे बघत होते. मी त्यांना 'जाऊ दे' म्हणाले नाही. अजूनही म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्म मागितला. प्रशांतने पेन पुढे केलं आणि परत मागे घेतलं. म्हणाला, "एकदा अजून करून बघूया ना?" मी म्हटलं, "मला शीळफाट्याला मरायचं नाहीये." सही केली. शिवणकाम करणाऱ्या बाईचा हात स्थिर असतो. माझा होता.

*

पिशवी काढली, बीजकोष ठेवलेत. म्हणजे म्हातारपण लगेच येणार नाही, असं समजावलं. महिन्याच्या महिन्याला अजून छाती जड होते, कंबर भरते, चिडचिड होते, आणि मग काहीच होत नाही. शरीराला अजून बातमी पोचलेली नाही.

भेटायला आलेल्या बायका काय काय बोलल्या. 'जीव वाचला हेच पुष्कळ.' 'देव तारी त्याला कोण मारी.' 'दत्तक घ्या.' एकजण तर म्हणाली, बरं झालं, दर महिन्याची कटकट गेली. मी तिचा ब्लाउज शिवायचा बंद केलाय. वैशालीवहिनी एकदाच आल्या, दारातच रडल्या, आत आल्या नाहीत. त्यांचा दोष नाही. गोळी त्यांनी दिली, गिळली मी.

मी परत मशीनवर बसते. बाळंतपणानंतर ब्लाउज उसवून मोठे करायला येणाऱ्या बायका असतात, त्यांची कामं घेते. घेत नाही म्हटलं तर चूल पेटणार नाही. पण मापं घेताना आता मी कुणालाच काही विचारत नाही. आणि त्यांनी काही सांगितलं तर टेप खाली ठेवते आणि म्हणते, हेच शब्द डॉक्टरला सांग, सासूला बाहेर बसवून सांग, देवाला काय वाटेल ते देव बघेल. तुम्हालाही तेच सांगते. यापलीकडे माझ्याकडे उपदेश नाही.

गेल्या महिन्यात खोकला जाईना म्हणून छातीचा एक्सरे काढायला गेले. ठाकुर्ली स्टेशनच्या बाहेर नवीन सेंटर झालंय. सासूबाई सोबत आलेल्या, हल्ली मला एकटीला सोडत नाहीत. एक्सरे काढणारी मुलगी विशीतली, हातात फॉर्म. भिंतीवर पाटी, गर्भवती असाल तर आधी सांगा. तिने नाव लिहिलं, वय लिहिलं, पस्तीस. मग मान खाली घालूनच विचारलं, "प्रेग्नन्सीचा काही चान्स नाही ना ताई? शेवटची पाळी कधी आलेली?"

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. 'पिशवी काढलीये' एवढे दोन शब्द होते. मुलीचं पेन थांबलेलं.

मी म्हटलं, "बारा तारखेला."

तिने बारा लिहिलं आणि गळ्यातलं काढून ठेवायला सांगितलं. सासूबाईंनी पाठीमागून माझ्या मंगळसूत्राची कडी सोडवली, ते मुठीत धरलं, आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या.